तिसऱ्या बेटावरचे कलिंगड

बैलांना पाण्यावर नेऊन आणले, तेव्हा नीरेच्या पात्रात अजून ऊन उतरले नव्हते. निरवांगीहून नरसिंहपूरच्या उत्सवाला निघालेल्या गाड्या पहाटे नदीकाठच्या बाभळींत सुटल्या होत्या. आप्पांनी बैलांपुढे कडबा टाकला. त्यांच्या बहिणीने, ठमाबाईने, तीन दगडांची चूल मांडून पिठले रटरटत ठेवले. आप्पांच्या लेकीने, सारजाने, भांडी वाळूने घासली, पालथी घातली, पुन्हा सुलटी केली आणि काही कारण नसताना परत धुवायला नदीवर नेली.

"बूड म्हणून टेकत न्हाई ह्या पोरीचं," ठमाबाई म्हणाली. "सारजे, भांडी झिजतील की गं!"

सारजाचे बूड का टेकत नाही, हे गाडीतल्या लाल फडक्याच्या पुरचुंडीला ठाऊक होते. पुरचुंडीत हिरव्या बांगड्या होत्या. बारामतीला गुळाची अडत असलेल्या रावजींनी त्या पाठवल्या होत्या. रावजींची बायको वारली होती. सारजाचा नवरा लग्नानंतर दोनच पावसाळे पाहून पटकीने गेला होता. म्होतूर, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, लागायचे तर बांगड्या पुरुषाच्या घरून यायच्या आणि बाईने त्या आपखुशीने हातात भरायच्या, अशी त्यांच्या माळ्यांतली रीत. सारजाने त्या भरल्या, की आज दिवस मावळताना देवळात रावजींची बहीण भामाबाई येऊन तिची ओटी भरणार होती.

"पहिल्या खेपंला तुला इचारलं न्हाई," आप्पा चिलीम झाडत खाली बघून म्हणाले. "तवा तू लहान हुतीस. आता मोठी झालीयास. ह्या खेपंला तुझा शबूद शेवटचा."

"असला शबूद देऊन पोरीच्या डोक्याला ताप कशापायी?" ठमाबाई फणकारली. "कौलारू घर हाय, मानूस निर्व्यसनी हाय. आनी काय पायजे?"

खरेच, आणखी काय पाहिजे? सारजाला ते सांगता आले असते तर तिने भांडी पुन्हा धुतली नसती.

न्याहारीनंतर गाड्यांतल्या बायका नदीत उतरल्या. वैशाखात नीरा आणि भीमा आटून एकमेकींच्या जवळ येतात, आणि त्यांच्या संगमाआधी पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात. पहिल्या बेटाच्या पुळणीवर बायका शिंपले वेचत बसल्या. दुसऱ्यावर टिटवीने ओरडून त्यांना परत धाडले. सारजा मात्र लुगड्याचा काचा खोचून गुडघाभर पाण्यातून पुढेच निघाली... तिसऱ्या बेटाकडे.

त्या बेटावर कलिंगडांचे वेल होते. वाळूतल्या खळग्यांतून ते दूरवर पसरले होते, पण भर उन्हात सगळ्या पानांनी माना टाकल्या होत्या. जवळ कुणी नव्हते. एक खोप होती आणि तिच्या कुडाला टेकलेले फावडे.

कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या बाईने माना टाकलेली पाने पाहिली, की ती एकच गोष्ट करते. सारजाने फावडे उचलले आणि नदीच्या बाजूचा वाळूचा बांध फोडून वेलांकडे पाणी वळवायला दारे धरले.

पाणी आत आले. पण ते पाटातल्यासारखे शहाण्यासारखे चालले नाही. त्याने वाळूच गिळायला सुरुवात केली. काठ ढासळला, एक खळगा वेलासकट खाली बसला, मग दुसरा...

"ओ बाई! ओ... फावडं टाका! आडव्या व्हा, आडव्या!"

पाण्यातून धावत आलेल्या तरुणाने स्वतःच फुटलेल्या बांधात अंग टाकले. सारजाही त्याच्या शेजारी बसली. ती दोन्ही हातांनी वाळू ओढत राहिली, तो पाठीने पाणी अडवत राहिला. दार बुजले, तेव्हा दोघेही कमरेपर्यंत चिखलवाळूने माखले होते.

"कुठल्या गावच्या?" धापा टाकत त्याने विचारले.

"निरवांगीच्या."

"तरीच! कालव्यावरची मान्सं. पाटकऱ्याकडनं पान्याची पाळी आली, की झोपंतसुदिक दारं धरत्यात!"

"पानांनी माना टाकल्या हुत्या," ती चिडून म्हणाली, पण डोळे भरून आले. "मला वाटलं, जीव चाललाय त्यांचा. तुमचं नुस्कान झालं..."

तो हसायचा थांबला. "दुपारी टाकत्यात ती. सांजच्याला उठत्यात. मी बी पहिल्या साली घाबरून रडलो हुतो. कुनाला सांगू नका."

त्याचे नाव जोतीराम. तोही माळ्याचाच; वाटणीत जमीन उरली नाही, म्हणून दर हिवाळ्यात पाणी ओसरले की तो एखादे बेट पाहून त्यावर वेल लावी. त्याने एक कलिंगड गुडघ्यावर फोडले. लाल गर तिच्यापुढे धरताना त्याची नजर तिच्या मोकळ्या मनगटांवर गेली, आणि लगेच नदीकडे वळली.

"बघा की सरळ," सारजा म्हणाली. "सगळी चोरूनच बघत्यात."

"चोरून न्हाई. जपून बघितलं."

तिने तोंडाला पदर लावला; हसू आवरेना. किती दिवसांनी...

मग तो तिला बेट दाखवायला निघाला. पुळणीवर बगळ्यांच्या पावलांची नक्षी होती. बेटाच्या टोकाला दोन पाणी एकमेकांना भिडत होती: एक निवळ, एक गढूळ.

"ह्या पायाला नीरा, त्या पायाला भीमा," तो म्हणाला. "उभ्या ऱ्हाऊन बघा."

ती उभी राहिली. एक पाय गार होता, एक कोमट. खालची वाळू सारखी सरकत होती. तोल जाऊ नये म्हणून तिने क्षणभर त्याचा दंड धरला... आणि सोडायला थोडा उशीर केला.

"पावसाळ्यात काय करता?"

"बेट जातं. खोप जाती. कालव्याच्या कामावर ऱ्हातो. हिवाळ्यात बघतो, नदीनं कुठं नवं टाकलंय."

"भीती वाटत न्हाई?"

"वाटती की. पर एका जागी बसलो, की जास्त वाटती."

सारजाने त्याच्याकडे पाहिले. हेच तर... हेच तिला सकाळी सांगता आले नव्हते. मग तिने पुरचुंडीतल्या बांगड्यांविषयी, रावजींविषयी सगळे सांगितले. जोतीराम पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागला.

"स्थळ चांगलं हाय ते," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? माझ्याकडं सांगाय घर न्हाई. पर... मी बांगड्या आनल्या असत्या, तर तुमी..."

"आधी पानं उठू द्या," ती म्हणाली. "खरं बोलता का, ते बघू द्या."

ऊन कलेपर्यंत ती खोपीच्या सावलीत बसून होती. ती इतका वेळ एका जागी बसल्याचे तिच्याही ध्यानात आले नाही. पलीकडून ठमाबाईच्या हाका सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या पानाने मान उचलली होती. मग दुसऱ्याने. ढासळलेली रांग सोडून सारे बेट हळूहळू हिरवे उभे राहिले.

निघताना जोतीरामने एक कलिंगड सारजाच्या हातात दिले. "गाडीतल्या मान्सांस्नी," तो म्हणाला. दुसरे काही म्हणायला त्याचा धीर झाला नाही.

देवळाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. सारजाने पुरचुंडी स्वतः भामाबाईच्या हाती दिली आणि वाकून नमस्कार केला.

"बाई, तुमच्या घरात खोट न्हाई. पर माझं मन तितं न्हाई. दुसऱ्या कुनाचं असंल, तिला भरा."

भामाबाईने गाठ चाचपून पाहिली. ती सुटलेली नव्हती. "सकाळीच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," एवढेच म्हणून ती दर्शनाला गेली. ठमाबाई मात्र कपाळ धरून खाली बसली.

सारजा पायथ्याशी बसलेल्या छबूबाई कासारणीपुढे जाऊन बसली. तिने मांडीवरचे कलिंगड पुढे सरकवले आणि मोकळा हात लांब केला.

"ह्याच्या बदली भर, मावशे. हिरव्या."

छबूबाईने तिच्या मनगटाकडे पाहिले आणि मागे उभ्या असलेल्या आप्पांकडेही. "बांगड्या पुरुषाच्या घरून याव्या लागत्यात, पोरी."

"त्याच्याच बेटावरनं आल्यात."

आप्पांनी कलिंगडाकडे पाहिले. मग लेकीच्या लुगड्यावर वाळलेल्या वाळूकडे.

"काठावरनं दिसत हुता, त्या पात्रातल्या पोराचं हाय व्हय हे?" त्यांनी विचारले.

"व्हय आप्पा."

"बेट वाहून जातंय गं."

"म्हाईत हाय."

आप्पांनी पागोटे काढले, झटकले, पुन्हा डोक्यावर ठेवले. "भर, छबूबाई," ते म्हणाले.

दिवस मावळताना नरसिंहाच्या जन्माची घंटा वाजली. देवाला वाहायची कलिंगडे टोपलीत घालून जोतीराम एकटाच घाट चढत होता. टोपली जड होती, आणि त्याचे डोळे खाली पायऱ्यांवर होते. एकाएकी ओझे हलके झाले. टोपलीची दुसरी कड कुणीतरी धरली होती. त्याने मान वर केली नाही. आधी त्याला त्या हाताची किणकिण ऐकू आली.