अकरा वेळा वाजलेला अलार्म

"मावशींची पेटी गेली. अलार्म बंद होता, आणि तो माझ्यामुळे बंद होता." एवढं बोलून पलीकडच्या माणसाने फोन ठेवला.

बिनतारी परवाना कार्यालयातल्या तपासनीस बाईंनी आवाज ओळखला. गेल्याच आठवड्यात ज्यांच्याविरुद्ध तक्रार आली होती, तेच हे हौशी रेडिओवाले काका. अर्ध्या तासात बाई त्या दुमजली घराच्या दारात उभ्या राहिल्या.

खाली घरमालकीण मावशी, वर भाडेकरू काका. मावशी दुपारी तीन ते सहा दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायच्या. काल घरी आल्या, तर कपाटातली लोखंडी पेटी गायब. आत दागिने आणि घराचे कागद. मागची खिडकी सताड उघडी होती. हवालदार तिची मापं घेत होता, म्हणजे निदान फीत तरी हलवत होता.

"अलार्म कुणी बंद केला?" बाईंनी विचारलं.

"मी," मावशींचे जावई म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी ते मुक्कामाला आले होते आणि घरूनच काम करत. "नाइलाज होता. आई बाहेर असताना तो उगाचच कोकलायचा. काकांचा रेडिओ सुरू झाला की हमखास. अकरा वेळा झालं. ही यादी."

यादी नीटनेटकी होती. तारीख, वेळ. १६:१०, १५:४५, १६:३०.

"जावईबापूंनी किती त्रास काढला माझ्यापायी," मावशी म्हणाल्या. काकांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

काका जिन्याशी उभे होते. खिशातून त्यांनी घडी घातलेलं पत्र काढलं. परवाना परत करत असल्याचं, सही केलेलं. "चाळीस वर्षं झाली. पण यादी माझ्या नोंदवहीशी ताडून पाहिली. अकराच्या अकरा जुळतात. आता कुठल्या तोंडाने बोलू?"

बाईंनी पत्र घेतलं नाही. "आधी वर चला."

वरची खोली म्हणजे तारांचा पसारा. भिंतीवर दोन घड्याळं. एकात अकरा, दुसऱ्यात साडेपाच.

"त्यांचं एक घड्याळ कायम मागेच," मागून आलेल्या मावशी पुटपुटल्या. "दुरुस्त करतील तर शपथ."

बाईंनी नोंदवही चाळली. प्रत्येक बोलण्याची वेळ टिपलेली. "अलार्मला त्रास झाला होता का कधी?"

"अलार्म बसवला त्या पहिल्या आठवड्यात एकदा. अलार्मच्या लांब वायरनेच माझा सिग्नल पकडला. मी वायरवर सिग्नल अडवणारी फेराइटची कडी चढवली. मला वाटलं, मिटलं."

बाई खाली गेल्या. कडी जागेवर होती. अलार्म चालू करून त्यांनी काकांना पूर्ण ताकदीने बोलायला लावलं. सगळे श्वास रोखून त्या पांढऱ्या डबीकडे बघत राहिले. पाच मिनिटं गेली. डबी ढिम्म. काका खाली आले.

"आज वाजला नाही म्हणून कधीच वाजला नसेल असं थोडंच आहे?" जावई हसून म्हणाले. "रेडिओचं काय, हवामानावर असतं."

"असतं खरं. तुम्ही काकांची वही पाहिली होती?"

"छे. आपण आपल्या घड्याळात बघून लिहिलं."

"मावशी, काका रेडिओवर कधी बसतात?"

"रात्री नऊला. माझ्या डोक्यावर खुर्ची करकरते ना. तेव्हा जावईबापू फिरायला जातात, मी एकटीच असते."

"तेव्हा अलार्म वाजला कधी?"

मावशी विचारात पडल्या. "नाही. त्या एका वेळेनंतर नाही."

"काका, दुपारी चारला तुम्ही काय करता?"

"झोपतो," काका म्हणाले. आणि त्यांचा चेहरा बदलला.

बाई सगळ्यांकडे वळल्या. "जगभरचे रेडिओवाले एकमेकांशी बोलतात, म्हणून वही एकाच जागतिक वेळेत ठेवतात. ती आपल्या साडेपाच तास मागे. ते दुसरं घड्याळ बिघडलेलं नाही. वहीतलं १६:१० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. काकांना याची इतकी सवय, की यादीतलं १६:१० वाचून त्यांच्या मनात रात्रच आली. म्हणून तेही फसले."

बाईंनी यादी वहीशेजारी धरली.

"यादी आपल्या घड्याळावरून केली असती, तर ती वहीशी जुळलीच नसती. ती वहीतून उतरवली आहे. अलार्म अकरा वेळा वाजलाच नाही. तो बंद ठेवायला कारण हवं होतं, आणि पेटी गेल्यावर बोट दाखवायला माणूस. खिडकी आतून उघडली की झालं."

हवालदाराला प्रथमच खरं काम मिळालं. जावयाच्या गाडीच्या डिकीत, सुट्या टायरखाली, पेटी सापडली.

"दागिन्यांना हात लावला नाही मी," तो मावशींना म्हणाला. "कागद हवे होते. घर विकायचं नाव काढलं की तुम्ही ऐकूनच घेत नव्हता."

मावशींनी पेटी मांडीवर घेतली, पण उघडली नाही. हवालदार त्याला घेऊन गेला. बराच वेळ त्या दाराकडे बघत बसल्या.

"पोरीला काय सांगू मी?" त्या म्हणाल्या. विचारलं कुणाला, त्यांनाही ठाऊक नसावं.

काकांनी पत्र फाडलं, तुकडे खिशात टाकले आणि खुर्ची ओढून मावशींच्या शेजारी बसले.

"नंबर सांगा, मी लावून देतो," ते म्हणाले. "बोलणं होईपर्यंत इथेच बसतो."