वरून उत्तर येतं

सहाव्या फ्यूजची चिनी माती बाकीच्या सातांपेक्षा अकरा अंशांनी गरम होती. मी सलग तीन दिवस, दुपारी चार वाजता, तोच थर्मामीटर त्याच जागी टेकवून मोजलं. पहिल्या दिवशी फरक नऊचा, दुसऱ्या दिवशी दहाचा, तिसऱ्या दिवशी अकराचा. चहाचा कप निवत आल्यावर हाताला जेवढा लागतो, तेवढीच ही ऊब. पण आकडा रोज एकाच दिशेने चढत असेल तर वाट पाहायची नसते. एकतीस वर्षं पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासून मी एवढं शिकले आहे.

फ्यूजबोर्ड जिन्याखाली होता. एक लाकडी फळी, तिच्यावर दोन ओळींत आठ पांढरे फ्यूज, शेजारी लोखंडी पेटीतला मेन स्विच. त्याचा दांडा ओढायला मला दोन्ही हात लागत. तारांवरचं सुती वेष्टण जागोजागी विरलेलं. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा हे कधीकाळी चिठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं, आता नुसते शाईचे डाग राहिले होते. आईवडील गेल्यापासून सहा वर्षं मी या घरात एकटी राहते, आणि मजेत राहते. खिडकीशी बसून वाचते, खुर्ची हवी तिथे ओढते, कोणी विचारत नाही.

मी वायरमनला बोलावलं तेव्हा ताई फोनवर म्हणाली, "पाडायच्या घराला नवं पॅनेल? वरातीमागून घोडं."

घर आम्हा दोघी बहिणींच्या नावावर आहे. एक गिऱ्हाईक चौदा महिन्यांपासून थांबलं होतं. तो घर पाडून तिथे दुकानं बांधणार होता. ताईला माझं एकटं राहणं पटत नव्हतं. तिच्याच मजल्यावरचा एक रिकामा फ्लॅट तिने माझ्यासाठी हेरून ठेवला होता. माझ्याशिवाय ती सही करणार नव्हती, आणि मी चौदा महिने "बघू" म्हणत होते.

"शनिवारी दुपारी तो माझ्याकडे येणार आहे," ताई म्हणाली. "मी इथूनच त्याच्यासमोर तुला फोन लावते. हो म्हण, नाही म्हण, पण तोंड उघड. देवाने तुला आवाज उसना दिल्यासारखा वापरतेस."

हे खरं होतं. प्रयोगशाळेत म्हणायचे, बाईंपेक्षा फ्रिज मोठ्याने बोलतो. बैठकीत मी काही सांगितलं की शेजारच्याला ते सगळ्यांसाठी पुन्हा सांगावं लागे.

वायरमन शुक्रवारी सकाळी नऊला आला. पन्नाशी उलटलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, खाली बसताना आधी गुडघ्यांना शिव्या घालणारा.

"जिना चढायचं मला सांगू नका, मॅडम. मी इथे एकेक फ्यूज उपसतो, तुम्ही खोल्या फिरा. मी विचारीन, 'गेला?' दिवा गेला असेल तर सांगायचं, गेला. नसेल गेला तर नाही गेला. सोपं आहे."

मी टेबलावरचा दिवा आणि वही घेऊन निघाले. खालच्या दोन खोल्या झाल्या, वरची पहिली झाली. तो विचारी, मी उत्तर देई, तो फ्यूज परत बसवी. तिसऱ्यानंतर खालून म्हणाला, "आवाज काय खणखणीत आहे हो तुमचा! शाळेत शिकवायचात का?"

मला हसू आलं. आयुष्यात मला हे कोणी म्हटलं नव्हतं. जिन्याची अरुंद पोकळी भोंग्याचं काम करत असणार, असं मी ठरवलं.

चौथ्या खोलीत मी वाकून प्लग लावत होते. दिवा लागला आणि विझला. "गेला?" खालून आलं. मी उभी राहून उत्तर देणार, तोवर दिवा परत लागलेला. माणूस घाईचा आहे, असं वाटलं.

पाचव्या वेळी मी मुद्दाम गप्प राहिले. दिवा विझला. "गेला?" मी मनात आकडे मोजले. चारावर असताना तो म्हणाला, "बरं, लावतो." दिवा लागला.

सहाव्या वेळी मी दिव्यातला बल्बच काढला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. तो जिन्याखाली, मी न्हाणीघरापाशी, मध्ये दोन भिंती.

"गेला?"

मी ओठ मिटून उभी राहिले. मग खालून जरा वैतागलेला आवाज आला, "अहो, मग आधी बल्ब लावा की. मी इथे ताटकळलोय."

मी वहीत लिहिलं : खोली सहा. बल्ब खिशात. मी बोलले नाही. तो म्हणाला, बल्ब लावा.

बल्ब परत लावला. सातवी खोली नेहमीसारखी, स्वतः उत्तर देऊन, उरकली. मग वरच्या मागच्या खोलीत दिवा लावून ठेवला, चपला हातात घेतल्या आणि पायरीच्या कडेकडेने खाली आले. वायरमन माझ्याकडे पाठ करून बसला होता. आठवा फ्यूज त्याच्या हातात होता आणि मान जिन्याकडे वळलेली.

"गेला?" त्याने हाक मारली.

मला मोरीतल्या नळाची टपटप ऐकू आली. रस्त्यावरून एक सायकल गेली. बाकी काही नाही.

"गेला," तो मान डोलावत पुटपुटला, पेन्सिल घ्यायला वळला आणि त्याने मला पाहिलं.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग माझ्या हातातल्या चपलांकडे.

"घरात अजून कोण आहे?"

"कोणी नाही."

"बहीण वगैरे?"

"बहीण फोनवर असते."

तो हसला नाही. "तुमचाच आवाज होता," तो हळू म्हणाला. "अगदी तुमचाच. फक्त मोठा."

गुडघ्यांची तक्रार न करता तो माझ्याबरोबर जिना चढला. वरच्या सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या, खिडक्यांना आतून कड्या. मागच्या खोलीतला दिवा गेलेला होता. उत्तर बरोबर होतं.

खाली येऊन तो दोन पेले पाणी प्यायला. फ्यूज जागेवर ठोकून बसवला. निघताना म्हणाला, "उद्या येतो. बोर्ड अर्धवट उघडा टाकला तर मला त्याचीच भीती वाटत राहील. ही भीती परवडली."

तो गेल्यावर मी शक्यता लिहून काढल्या. प्रतिध्वनी. शेजारचं घर. त्याचे कान. त्याची मस्करी. बल्बने चारही खोडल्या. मग मी वही मिटली. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होतं ते वेगळंच. कोणीतरी माझं म्हणणं पोचवत होतं, आणि एकही चूक न करता.

शनिवारी त्याने जुनी फळी उतरवली. तिच्यामागे भिंतीचा रंग अजून फिका निळा होता, बाकी घरात कुठे नसलेला. तिथे करड्या पत्र्याचा डबा बसला. त्यात छोट्या काळ्या स्विचांची एक ओळ, प्रत्येकाखाली मी टाइप करून आणलेलं खोलीचं नाव. काम छान होत होतं. तो गुणगुणत होता, मी तारांची टोकं मोजून देत होते. एकदा सवयीने त्याने जिन्याकडे तोंड करून "आला?" विचारलं, क्षणभर ऐकलं, "थँक्यू" म्हणाला आणि जीभ चावली.

"काय करणार मॅडम. उत्तर मिळतं म्हटल्यावर माणूस विचारतोच."

तीनच्या सुमारास त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आता एक ठरवा. घर पाडणार असाल तर हे जुन्याच वायरींवर चालवतो, सहाव्याचा भार कमी करून. चार महिने निभेल. राहणार असाल तर भिंतीतल्या सगळ्या वायरी ओढून नव्या घालायच्या. मग मी आठवडाभर इथे."

"बघू," मी म्हणाले.

"बघू असं वायरिंग नसतं."

फोन वाजला. ताई.

"हा माझ्यासमोर बसलाय," ती म्हणाली. "बोल."

मी जिन्याच्या पायथ्याशी उभी होते. वाक्य तयार होतं : ताई, मला अजून थोडा वेळ दे. मी श्वास घेतला.

मी बोलायच्या आतच वायरमनचा हात स्विचवर थांबला. त्याने मान वर केली.



"बरं बाई," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "ओरडायला काय झालं? ऐकलं मी."

"काय ऐकलंस?"

"आता मलाच विचार. 'इथून कुणी जाणार नाही,' म्हणालीस ना?" ती हसली, पण हसू जमलं नाही. "कुणी म्हणजे काय गं? एकटीच तर राहतेस."

वायरमन दाराकडे दोन पावलं सरकला होता. बाहेर मात्र गेला नाही.

मी वर पाहिलं. जिना रिकामा होता. वरच्या वळणावर दुपारचं ऊन पडलं होतं आणि त्यात धूळ हलत होती, आत्ताच कोणी मागे वळून गेल्यावर हलते तशी.

एका नोंदीवर निष्कर्ष काढायचा नसतो. दुसरी लागते. मी फोन तोंडाजवळ धरला. मला खरोखरच बरं वाटत होतं.

"घर विकायचं नाही, ताई," मी म्हणाले. "मी इथेच राहणार आहे."