तिसऱ्या स्लॉटमधली रॅम

कोणत्या जीवाने कोणत्या जीवाच्या गळ्यात माळ घालायची, हे नऊ ग्रहांनी मिळून फार पूर्वीच ठरवून ठेवलेलं असतं. सारंगखेड्याच्या पंचक्रोशीत ते कळवायचं काम दोधू नानांच्या पेन्टियम कॉम्प्युटरकडे होतं, आणि सध्या त्याची मेमरी कमी पडत होती.

नानांची केळी-कापसाची शेती. पण नाव झालं ते पत्रिकांमुळे. दरवर्षी यात्रा भरली की घोडेबाजार आणि बांगड्यांची दुकानं यांच्यामध्ये नानांचा ‘कॉम्प्युटर पत्रिका’चा मांडव पडायचा. लोक घोड्याचे दात बघून यायचे आणि नवऱ्या मुलाचे ग्रह बघून जायचे. मोबाइलवर आता फुकट पत्रिका जुळते, पण तिच्यावर कोणाचा विश्वास नाही. दोन्ही कडांना भोकं असलेला कागद प्रिंटरमधून करकरत बाहेर आला, की तो खरा.

यंदा जुन्या प्रोग्रॅमच्या फ्लॉपीला बुरशी आली. पुण्याच्या भाच्याने नवी आवृत्ती पाठवली, ती सोळा एमबी मेमरी मागत होती. मशीनमध्ये होती आठ.

आणि नेमकं याच वेळी नानांच्या धाकट्या मुलीला, चेतनाला, धानोऱ्याच्या भावेशचं स्थळ आलं. चेतना चौतीस वर्षांची, शहाद्याच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. तिला पाहून गेलेल्यांपैकी काहींची मुलं आता शाळेत जात होती. भावेश भला माणूस होता. नकार द्यायलाही कारण लागतं, आणि भावेशमध्ये ते शोधूनही सापडत नव्हतं. धानोऱ्याची मंडळी फक्त नानांच्या कागदासाठी थांबली होती. परक्या मशीनवर स्वतःच्या मुलीची पत्रिका जुळवणं नानांना मान्य नव्हतं.

म्हणून एका सकाळी चेतनाने कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधला आणि शहाद्याच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरने गाठोड्याकडे बघून विचारलं, “लहान मूल शे का?”

“म्हातारं शे,” ती म्हणाली.

स्टँडला लागून हेमकांतचं दुकान होतं. हेमकांत अडतीसचा. फुटलेल्या मोबाइलच्या काचा बदलून बदलून त्याचे डोळे कायम झोपेतून उठल्यासारखे दिसायचे. लग्नाच्या बाजारातून तो इतक्या शांतपणे बाहेर पडला होता की बाजाराच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्याने चादरीची गाठ सोडली आणि डब्यावरून बोट फिरवलं.

“हे… अजून कोणी वापरतं?”

“माझं लग्न अडलंय याच्यावर.”

“चालू झालं की लग्न?”

“पत्रिका जुळली तर.”

“आणि जुळावी असं तुम्हाला —” तो थांबला. “म्हणजे… मशीन चालू व्हावं, असं?”

“तुम्ही दुरुस्तीचं सांगा, भाऊ.”

दोघंही शाळेत शिकलेलं मराठी बोलत होते. अनोळखी माणसांशी बोलायला ते बरं पडतं.

त्याने भंगारातून जपून ठेवलेल्या रॅमच्या दोन पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले. “यात चार स्लॉट आहेत. रॅम जोडीनेच लागते. पहिल्या दोनमध्ये तुमची जुनी जोडी, पुढच्या दोनमध्ये ही नवी. एक जरी सैल बसली, तरी मशीन तिच्या जोडीदारणीलाही मोजत नाही.”

“चूक एकीची, आणि मोजत नाहीत दुसरीला?”

“हो.”

“आमच्या घरासारखंच आहे.”

त्याने वर पाहिलं. तिची मोठी बहीण काजल एकतीस गुण जुळून सासरी गेली होती आणि दोन वर्षांत माहेरी परत आली होती. तेव्हापासून चेतनाला येणारी स्थळं निम्म्यावर आली. हे तिने सांगितलं नाही, पण खान्देशात अशा गोष्टी बसच्या आधी पोचतात.

त्याने पट्ट्या तिरक्या घालून उभ्या दाबल्या. दोन्ही बाजूंच्या क्लिपा कट्‌कन बसल्या. काळ्या पडद्यावर आकडा चढत गेला… सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशीवर थांबला. सोळा एमबी.

घरी नेलं, तर आकडा आठवरच अडला.

हे असंच असतं. मशीन दुकानात सरळ चालतं, घरी आल्यावर त्याच्या अंगात येतं. मग हेमकांत संध्याकाळी दुकान बंद करून मोटारसायकलवर सारंगखेड्याला आला. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला. उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत येईपर्यंत त्याच्या स्वेटरला मळीचा वास लागला होता.

मशीन मधल्या खोलीत होतं, आणि त्या खोलीत भाव वाढायची वाट बघत पडलेला कापूस छताला टेकला होता. त्याने झाकण उघडलं, तिसऱ्या स्लॉटमध्ये विजेरी मारली आणि हसला. कापसाची तूस आत जाऊन बसली होती. ब्लोअर मारला, तूस उडाली ती थेट चेतनाच्या केसांत.

त्याचा हात उचलला गेला. मग अर्ध्यात थांबला, आणि त्याने नुसतं बोट दाखवलं.

“तिथे… जरा…”

“कुठे?”

“उजवीकडे… नाही, माझ्या उजवीकडे.”

दारातून काजल म्हणाली, “काढी दे ना भाऊ, कापूस शे, निखारा थोडीच शे!”

त्याने काढून दिला. दोघंही नको इतके गंभीर झाले.

आकडा सोळावर गेला. नाना खूश झाले, पण पत्रिका लगेच टाकली नाही. घरच्या मुलीचं काम सकाळी, आंघोळ करून, मशीनला उदबत्ती ओवाळूनच करायचं, हा त्यांचा नियम. “सकायले देखू,” ते म्हणाले आणि जेवायला बसले.

हेमकांत गेला. चेतना मधल्या खोलीत आली. झाकणाचे स्क्रू कधीचेच हरवलेले होते. तिने तिसऱ्या स्लॉटच्या दोन क्लिपा दोन बोटांनी बाहेर दाबल्या. पट्टी किंचित झुकली… थकलेल्या माणसाने भिंतीला टेकावं तशी.

सकाळी उदबत्ती लागली. आकडा आठ.

“बोलाव त्या हेमकांतले,” नाना म्हणाले.

तो आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. त्याने पॉवर सप्लाय तपासला, बोर्डावरचा सेल बदलला, पहिली जोडी तिसऱ्या-चौथ्यात आणि नवी पहिल्या-दुसऱ्यात घालून पाहिली. प्रत्येक वेळी जाताना आकडा सोळावर असायचा आणि सकाळी आठवर. चेतनाला त्याच्याविषयी माया वाटू लागली होती, पण त्याच्या अकलेविषयी शंकाही. इतका मठ्ठ मेकॅनिक शहाद्यात दुकान कसं चालवतो?

काजल चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, “भाऊ, तुन्हं मशीन कधी सुधरी? का आम्हना कापूस इकाय जाई तोपर्यंत येवानं शे?”

“जुनं मशीन आहे, ताई,” तो चहात बघत म्हणायचा. “घाई करून चालत नाही.”

“मशीन जुनं शे. मानसं बी काही नवी नही शेतस.”

बोलता बोलता चेतनाचं ‘भाऊ’ कमी होत गेलं. आधी ते ‘हेमकांतभाऊ’ झालं, मग ‘अहो, ऐका’, मग नुसती एक छोटी जागा, वाक्याच्या सुरुवातीला मोकळी सोडलेली.

यात्रेला दोन दिवस उरले. मैदानात मांडवाचे बांबू उभे राहिले, घोडे येऊ लागले. धानोऱ्याहून निरोप आला, की यात्रेत येतो तेव्हा कागद हातात द्या. त्या संध्याकाळी हेमकांतने मशीन चालू करून दाखवलं, बंद केलं, झाकण लावलं आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

चेतना मधल्या खोलीत गेली. आता सवय झाली होती. झाकण काढलं, बोटं तिसऱ्या स्लॉटकडे नेली…

पट्टी आधीच सैल होती.

ती कापसाच्या ढिगाच्या कडेलाच बसली. बराच वेळ उठली नाही.

सकाळी उदबत्ती, आकडा आठ, नानांचा फोन. हेमकांत दुकान न उघडताच आला. नाना गोठ्याकडे होते. चेतना दारातच थांबली होती.

“काल तुम्ही —”

“दर खेपेला तुम्हीच करायच्या,” तो म्हणाला. “काल म्हटलं, तुमचा त्रास वाचवावा.”

“तुम्हाला… कधी कळलं?”

“दुसऱ्या खेपेला. क्लिप आपोआप उघडत नाही, चेतना. दोन बोटं लागतात.”

“मग बोलला का नाहीत?”

“मशीन सुधारलं असतं ना!”

ती हसली. मग हसू मावळलं. “परवा धानोऱ्याचे येणार. आज तर सुधारावंच लागेल.”

“हो.” त्याचं शाळेतलं मराठी तिथेच संपलं. “तू सांगशी, तं सुधारस. नही सांगशी… तं मी रोज येस. मन्ही काही तक्रार नही.”

“कितला वरीस येशी?”

“मोटारसायकल चांगली शे.”

“माले रोज नको,” ती हळूच म्हणाली. “माले एकदाच उना आनि परत नही गया, असा पाहिजे.”

त्याने झाकण काढलं. पट्टी उभी करून दाबली. कट्‌.

नाना हात पुसत आले. आकडा सोळावर होता, आंघोळ झालेली होती, नियमात अडायला काही उरलं नव्हतं. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि भावेशची जन्मवेळ आठवू लागले.

“नाना,” चेतना म्हणाली. “पहिले दुसरी टाका.”

“कोन्ही?”

तिने बोट दाखवलं. हेमकांतने जमिनीकडे बघत जन्मतारीख सांगितली, वेळ सांगितली. नानांनी दोघांकडे एकेकदा पाहिलं. मग एका बोटाने सगळं टाइप केलं. प्रिंटर करकरला.

छत्तीसपैकी साडेनऊ.

नाना अठराच्या खाली कोणालाच होकार देत नसत. घोडा दिला असता, मुलगी नाही. कापसाची एक तूस कागदावर येऊन बसली.

दारातून काजल म्हणाली, या वेळी चेष्टा न करता, “मन्हा एकतीस व्हतात, नाना.”

नाना कागद धरून बसून राहिले. एवढी वर्षं त्यांनी या मशीनचं ऐकलं होतं. थकवा आता कुठे चेहऱ्यावर आला. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

“मशीनमा फॉल्ट शे,” ते म्हणाले. मग हेमकांतकडे वळले. “शे ना?”

हेमकांतने पडद्याकडे पाहिलं. तो आयुष्यात गिऱ्हाइकाशी उघड खोटं बोललेला नव्हता.

“शे, नाना.”

धानोऱ्याला निरोप गेला, की मशीन बिघडलंय, यंदा कागद होणार नाही; ती मंडळी यात्रेला आलीच नाहीत. भावेशने मोबाइलवर पत्रिका जुळवून उन्हाळ्यात तळोद्याची मुलगी केली. चेतना आणि हेमकांतचं लग्नही त्याच उन्हाळ्यात झालं. पत्रिका पाहिली का, असं कोणी विचारलं, की नाना प्रिंटरची शाई संपल्याचं सांगत.

त्या यात्रेत मशीन नेहमीसारखं मांडवात बसलं आणि रोज अंधार पडेपर्यंत लोकांच्या पत्रिका जुळवत राहिलं. त्यात काहीही बिघाड नव्हता.