भिकीच्या फोटोतले डोळे

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शपथ घेणार नाही. ऊठसूट शपथा घेणारी माणसंच जास्त थापा मारतात, असा माझा अनुभव आहे. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

साल १९८८. अंबरनाथ.

शिवमंदिराच्या रस्त्यावर माझ्या मामाचा, महिपती मामाचा, फोटो स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. मी तेव्हा उल्हासनगरला एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि मामाकडेच राहायचे. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. बकुळामामीने मला पोटच्या पोरीसारखं ठेवलं होतं.

मामाला एकच वेड. माणसांचे चेहरे.

"एकट्या माणसाचं तोंड काढायचं ना जिजे, तर १३५ ची लांब लेन्स लावायची आणि मागे सरकायचं," तो सांगायचा. "नाकडोळे जागच्या जागी राहतात. जागा नसेल तर ५० ची. पण २८ ची लेन्स घेऊन कुणाच्या तोंडात शिरायचं नाही. नवऱ्यामुलीचं नाक बटाट्याएवढं येतं आणि वऱ्हाड स्टुडिओवर चालून येतं."

त्या वर्षी त्याने उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडून नवा फ्लॅश आणला. "साईं, अंधेरे में दिन बना देगा," असं म्हणून दुकानदाराने तो मामाच्या गळ्यात मारला होता. त्या फ्लॅशचेही मामाचे नियम होते. थेट तोंडावर मारायचा नाही. पांढऱ्या छताकडे वळवायचा, म्हणजे उजेड वरून मऊ होऊन उतरतो.

आणि सगळ्यात मोठा नियम... फ्लॅश लावला की शटरचा वेग साठवर आणायचा. त्याच्या वर असेल तर कॅमेऱ्यातला पडदा पुरता उघडायच्या आत फ्लॅश उडतो आणि फोटोचा एक भाग काळा राहतो.

मी कधी कॅमेरा हातात धरला नाही, पण हा नियम मला पाठ होता.

त्या नव्या फ्लॅशची चाचणी मामाने मामीवरच घेतली. १३५ ची लेन्स लावून तिचा चेहरा काढला. मामी चिडली होती. "अहो, आटपा. भाकरी करपतेय माझी."

तो फोटो सुंदर आला. मामीचे डोळे तर बोलके आले होते.

हे डोळे लक्षात ठेवा.

बदलापूरच्या पुढे, बारवीकडच्या डोंगराला एक ठाकूरवाडी आहे. तिथली नवसी कुळगावच्या बाजारात रानभाज्या विकायची. मामीची तिच्याशी चांगली ओळख झाली होती. महाशिवरात्रीची जत्रा संपली, त्या आठवड्यात नवसी स्टुडिओत आली.

"भाऊ, मना आयचा एक फोटू काढून द्या ना. ती थकली आता. कदी बोलावणं येल सांगता येत नाय."

मामा वाडीवर गेला. भिकी, नवसीची आई, बाहेर उजेडात येईल असं त्याला वाटलं होतं. त्याने अंगणात १३५ लावली, उन्हासाठी शटर एकशे पंचवीसवर ठेवलं. पण म्हातारीला ताप होता. ती चुलीपासून हलेना.

मग मामा आत गेला. झोपडी एवढीशी. त्याने ५० ची लेन्स लावली. वर धुराने काळं झालेलं छप्पर, तिथून काय उजेड उतरणार? म्हणून त्याने फ्लॅशवर रुमाल बांधला आणि समोरूनच उडवला. कॅमेरा उभा धरला होता.

"लखाकलं!" म्हातारी हसत म्हणाली. "डोलं गेलं माजं!"

मामाही हसला. फ्लॅशची बॅटरी उतरली होती, म्हणून एकच फोटो काढून तो परत आला.

रोल अर्धाच संपला होता. जत्रा झालेली, लग्नं सुरू व्हायची होती. अर्धा रोल कशाला वाया घालवायचा, म्हणून कॅमेरा फडताळात गेला.

भिकी चैत्रात गेली.

नवसी आली ती डोळे सुजवूनच. "बाराव्याला ठेवायला आयचा फोटू पायजे, भाऊ."

तेव्हा मामाने रोल धुतला.

मी स्टुडिओतच होते. डार्करूमचं दार उघडलं आणि मामा ओली फिल्म हातात धरून बाहेर आला. त्याच्या तोंडावर रंग नव्हता. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाला. नवसी बाकावर बसली होती. तिला म्हणाला, "झकास आलाय. बाराव्याच्या आदल्या दिवशी ये."

तो खोटं बोलत होता.

अंगणात एकशे पंचवीसवर ठेवलेलं शटर साठवर आणायचं तो विसरला होता. भिकीची हनुवटी होती, ओठ होते, गळ्यातल्या मण्यांच्या माळा होत्या. नाकाच्या मध्यापासून वर सगळं काळं...

म्हातारीला डोळेच नव्हते.

रोल वेळेत धुतला असता तर तो परत जाऊन दुसरा फोटो काढू शकला असता. म्हातारी तेव्हा जिवंत होती. हेच त्याला आयुष्यभर खात राहिलं. मला मात्र हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी फक्त तयार झालेला फोटो पाहिला. भिकी समोर बघत होती. कपाळावर सुरकुत्या, डोळ्यांत पाणीदार चमक.

नवसीने फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला. मग फोटो छातीशी धरून ढसाढसा रडली.

"आय बगते माज्याकडं," म्हणाली.

मामा आत निघून गेला.

त्यानंतर सुरुवात झाली ती आवाजाने.

रविवारची दुपार. मामा डार्करूममध्ये होता, मी बाहेर फोटोंच्या कडा कापत होते. डार्करूमच्या दाराकडून आवाज आला.

सर्र... सर्र... सर्र...

कुणीतरी तळहाताने लाकूड चाचपत असल्यासारखा. वरून खाली. मग कडीपाशी.

मी मान वर केली. दारापाशी कुणीच नव्हतं.

"जिजे, कडी कशाला हलवतेस? आत रोल उघडाय!" मामा आतून ओरडला.

मी तर जागची उठलेही नव्हते.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा मामा बाहेर आला. त्याने रस्त्यापर्यंत बघितलं. मांजर असेल म्हणाला. कडी हलवणारं मांजर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

मग फोटो खराब व्हायला लागले. एका बारशाचे फोटो दोरीवर वाळत घातले होते. संध्याकाळी मी ते काढायला गेले.

प्रत्येक फोटोत, प्रत्येक चेहऱ्यावर... डोळ्यांच्या जागी काळे ठसे होते. बोटांचे. मी एका ठशाला हात लावला. चुलीची काजळी होती. आमच्याकडे गॅस होता, आजूबाजूला कुणाकडेच चूल नव्हती.

मामाने ते फोटो माझ्या हातातून ओढून घेतले आणि फाडून टाकले. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्याच आठवड्यात मामी जेवता जेवता थांबली.

"अगंबाई... माझ्या डोळ्यांपुढे हे पिवळं काय लोंबतंय?"

आम्ही बघितलं. काहीच नव्हतं.

"झेंडूची माळ आहे गं. अगदी नाकासमोर."

तिने हाताने बाजूला सारायचा प्रयत्न केला. हात हवेत फिरला. मग ती हसली, चष्मा लागला वाटतं म्हणाली. मी हसले. मामा हसला नाही. तो ताटावरून उठला.

मग मामीच्या डोळ्यांत धूर जायला लागला. घरात धूर नसताना डोळे लाल व्हायचे, घळघळा पाणी वाहायचं. उल्हासनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. डोळे स्वच्छ आहेत म्हणाला.

आणि एक दिवस ती मला म्हणाली, "जिजे, मला एक घर दिसतं. चूल आहे. कुडाच्या भिंती. एक बाई रोज माझ्या कपाळाला कुंकू लावते. तोंड ओळखीचं वाटतं, पण धुरात नीट दिसत नाही."

मामा दाराशी उभा होता. त्याने ते ऐकलं. दाराची चौकट धरून तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वाडीवर निघाला. एकट्याने जायचा धीर नव्हता, म्हणून मला बरोबर घेतलं. कशासाठी ते सांगितलं नाही.

नवसीच्या झोपडीत शिरले आणि दारातच थांबले.

चूल. कुडाच्या भिंती. मामीने सांगितलं तसंच्या तसं. समोर भिकीचा फोटो, त्याला झेंडूची माळ, कपाळाच्या जागी कुंकू. आणि फोटोतले ते डोळे... ते मला बघत होते. जिजे, तू इथे कशी, असं विचारल्यासारखे.

तेव्हा मी ओळखले ते डोळे.

मामा म्हणाला, "नवसे, फोटोबद्दल जरा बोलायचं होतं."

"मनापण बोलायचंय भाऊ," नवसी म्हणाली आणि खाली बसली. "आय येते."

"कुठे येते?"

"हितं. घरात. दिसत नाय कुनाला. चाचपत फिरते. भांड्यांवरून हात फिरवते, पोरांच्या तोंडावरून हात फिरवते. आंधळी झाली वो आय. जिती होती तवर सुईत दोरा ओवायची, आन मेल्यावर आंधळी कशी झाली?"

मामाने मान खाली घातली.

"माजंच पाप हाय," नवसी म्हणाली. "ती गेली तवा मी बाजारात. धावत आली, आन घाईघाईत तिचं डोलं मिटलं मी. जोरात दाबलं आसंल. मीच आंधळी केली माज्या आयला."

ती कपाळ बडवून घ्यायला लागली. मी तिचे हात धरले. मी मामाकडे बघत होते. बोल आता, बोल ना, असं मला ओरडावंसं वाटत होतं. एका वाक्याचं काम होतं. नवसी सुटली असती, मामी सुटली असती.

मामाने तोंड उघडलं.

तेवढ्यात नवसीने वाकून त्याच्या पायांना हात लावला. "तुमच्यामुलं आयचं तोंड तरी ऱ्हायलं भाऊ. ह्या फोटूसमोर बसली का मना बरं वाटतं."

मामाचं तोंड मिटलं. मग तो म्हणाला, "फोटो ओलीपासून जप."

एवढंच.

परतताना तो बांधावर बसून लहान पोरासारखा रडला. मामीचा फोटो कसा कापला, तिचे डोळे-कपाळ भिकीच्या नाकाच्या वर कसे चिकटवले, शाईने सुरकुत्या कशा काढल्या, सगळं तिथे सांगितलं. "लेन्ससुद्धा वेगळी होती गं," म्हणाला. "१३५ चे डोळे ५० च्या चेहऱ्यात बसत नव्हते. तरी मी बसवले."

मग त्याने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "मामीला कधी सांगू नकोस."

मी हो म्हटलं. खरं तर मला त्याचा राग आला होता. तरी हो म्हटलं.

मामीला समोरचं दिसणं हळूहळू बंद झालं. आधी सुई दिसेना, मग ताट, मग मी. डॉक्टर बदलले, डोळे मात्र प्रत्येकाला स्वच्छच दिसले. मामाने फ्लॅश परत कधी लावला नाही. लोक हसायचे, दिवसाउजेडी लग्न असेल तरच हा फोटो काढतो म्हणून. चौऱ्याण्णव साली तो गेला. शेवटपर्यंत तो मामीच्या डोळ्यांकडे बघून बोलला नाही.

आता मामी माझ्याकडे असते, बदलापूरला. गेल्या आठवड्यापर्यंत मजेत होती. मला म्हणायची, "तुझं तोंड दिसत नाही गं, पण ते घर लख्ख दिसतं." आणि मला त्या घरातल्या बातम्या सांगायची. आज तिथे हळद लागली. आज पोर रांगायला लागलं. आज ती बाई माझ्यासमोर बसून खूप रडली, बिचारी म्हातारी झाली गं.

दर वेळी विचारायची, "कुणाचं घर असेल गं ते?"

"स्वप्न असेल मामी," मी म्हणायची.

मामा जाऊन चार वर्षं झाली. वचन घेणारा गेला. मग मी का सांगत नाही? कारण मामी विचारेल, तुला किती वर्षं ठाऊक होतं?

गेल्या आठवड्यात मामी दुपारची दचकून उठली.

"जिजे, ते घर पाडतायत. मला भिंतीवरून काढलं."

मी तिच्याजवळ बसले.

"एक पोरगा म्हणतोय, फोटो पार कुजलाय, वाळवी लागलीय. नव्या घरात नको, नदीत सोडू. म्हातारी नाही म्हणतेय... आता गप्प झाली. पदराने माझं तोंड पुसतेय."

जुन्या तसबिरी आपल्याकडे नदीतच सोडतात. टाकून देत नाहीत. मला ठाऊक होतं ते कुठल्या काठावर येणार. रिक्षा केली असती तर पोहोचले असते. पण पोहोचून नवसीला काय सांगणार होते? आणि निघताना मामीला?

"ऊन लागतंय डोळ्यांवर," मामी म्हणाली. "मला कुठे नेतायत गं ही माणसं?"

मी तिच्या डोळ्यांवर हात धरला.

"गार... अगं, पाणी आहे. वर पाणी आलं. त्या बाईचं तोंड पाण्यातून दिसतंय. आता नीट दिसतंय बघ." मामीने माझा हात घट्ट पकडला. "ही तर आपली नवसी! जिजे, ही नवसीच ना? तुला ठाऊक होतं?"

मी नाही म्हटलं.

त्या दिवसापासून मामी मला काही सांगत नाही. विचारलं तर एवढंच म्हणते, "पाणी आहे." आणि माझ्या आवाजाकडे पाठ करून बसते.