अरबीचे बावीस कागद

"करामा, माझी बावीस वर्षं चोरीला गेली."

शेख अब्बूद भिंत चाचपत आत आला. करामाने कॉफीचा पेला खाली ठेवला. तरीम गावात उंट हरवला किंवा वचन मोडलं, की लोक करामाकडे येत. सोबत त्याचा मेहुणा सालमीन असायचाच. मनाने निर्मळ, डोक्याने सावकाश.

"काय गेलं, शेख?"

"कागद. बावीस. आपल्या भाषेचं हे नाव, 'अरबी', त्याचे जुने-नवे अर्थ मी गोळा करत होतो. तंबूतल्या म्हाताऱ्यांकडून, विहिरीवरच्या बायकांकडून. दुसरी प्रत नाही. आणि आता मला माझीच बोटं धूसर दिसतात. पुन्हा लिहू कसा?"

"संशय?"

"माझ्या शिष्यावर, हादूनवर. अकरा वर्षं माझ्या ताटात जेवला. आत्ताच त्याला घराबाहेर काढून आलोय."

शेखची खोली मातीच्या उंच घरात चौथ्या मजल्यावर होती. चटईवर तीन कोरे कागद पडले होते, त्यांच्यावर खडे ठेवलेले. शेजारी चहाच्या डब्याचं इंग्रजी अक्षरांचं वेष्टन.

शेखची मुलगी मुझना दारात उभी होती. "कागदांना हवा लागावी म्हणून बाबांनी दुपारी ते जमिनीवर पसरले. नमाज झाली, ते झोपले. मी खाली चुलीपाशी."

"आणखी काही गेलं?"

"हलव्याच्या पुड्याचा कागद. त्यावर मक्कला बंदरातल्या दुकानाचं नाव होतं, आपल्या अक्षरात. चोर गोडखाऊ दिसतोय."

"नुसता कागद चाटणार काय तो?" सालमीन म्हणाला. "दाजी, हे प्रकरण येड्याचं आहे."

करामा मुझनाकडे वळला. "हे कागद तुला आवडत नव्हते म्हणे?"

"नव्हतेच आवडत. आई आजारी होती तेव्हाही बाबा अर्थ शोधत हिंडत होते. पण जाळायचे असते, तर आई गेली त्याच दिवशी जाळले असते."

दाराबाहेर हात धुवायचा लोटा होता. तळाशी गाळ बसलेला. करामाने तो हलवून पाहिला. मग त्याची नजर भिंतीवर गेली. पुरुषभर उंचीच्या वर एक काळपट, ओला पट्टा होता.

"गिलावा करणारा फरज चार दिवसांपासून भेगा बुजवतोय," मुझना म्हणाली.

हादून मशिदीच्या पायरीवर बसला होता. डोळे लाल.

"त्यातले नऊ कागद मी लिहिलेत. शेख सांगायचे, मी लिहायचो. खाली माझंही नाव असावं म्हणालो, हाच काय तो गुन्हा. आणि मी चोर असतो तर कोरे कागद सोडले असते का? इथं चांगला कागद महिनोन्‌महिने मिळत नाही."

फरज गच्चीवर चिखल तुडवत होता.

"शेखच्या पुस्तकाला हात लावलास?" सालमीनने दरडावलं.

"तोबा, मालक! पुस्तकाला? मला अलिफ हे अक्षर आणि काठी सारखीच दिसतात."

"मग झालं," सालमीन पुटपुटला. "याला कागदांचं काय!"

करामा मात्र हसला. "सगळ्यांना शेखच्या खोलीत बोलाव. फरज, तुझी थापीही आण."

सगळे जमले. हादून उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ज्याला वाचता येतं, तो हलव्याचा कागद नेणार नाही," करामा म्हणाला. "ज्याला लिहायचंय, तो कोरे कागद सोडणार नाही. इंग्रजी वेष्टन पडून राहिलं. म्हणजे नेणाऱ्याने फक्त आपली अक्षरं उचलली. शेखचं लिखाण आणि दुकानाचं नाव त्याला सारखंच. आणि उचलण्याआधी त्याने हात धुतले. लोट्यात गाळ आहे. हात धुऊन कोण चोरी करतो? आपल्या आया काय शिकवतात, सालमीन? अक्षराचा कागद जमिनीवर दिसला तर?"

"उचलायचा. डोळ्यांना लावायचा. पाय लागणार नाही अशा भेगेत..." सालमीनने आ वासला.

फरजच्या हातातली थापी खाली पडली. "पुस्तक म्हणजे पुठ्ठ्याचं, असं मला वाटलं. हे सुटे होते, पायात येत होते. मी भेगेत ठेवले आणि भेग बुजवली. शेख, माझे हात तोडा!"

"हात शाबूत ठेव," करामा म्हणाला. "ओली माती काढायला लागतील."

फरजने माती हळूहळू खरवडली. आधी हलव्याचा कागद निघाला, मग त्याच्याआड बावीस पानं, चिखलाचा एक डागही नसलेली. पण त्यांच्यामागे पोकळी होती. फरजने हात घातला तो कोपरापर्यंत गेला. पिवळे, ठिसूळ तुकडे बाहेर येऊ लागले. कुणाचं पत्र, मुलांनी गिरवलेल्या ओळी, बियाण्यांची यादी, आजाऱ्यासाठी लिहिलेली दुआ. या घरात राहिलेल्या प्रत्येक पिढीने जमिनीवरून उचललेलं काहीबाही. सगळी भिंत आतून बोलत होती.

"हादून," शेख म्हणाला. "आत ये, पोरा. चुकलो मी. वाच."

हादून वाचू लागला. अरबी म्हणजे स्पष्ट बोलणारी. उघड्या वाळवंटात राहणाऱ्यांची. शब्दाच्या त्याच मुळातून आलेलं खळाळत्या नदीचं नाव, नवऱ्याला जीव लावणाऱ्या बायकोचं, शुक्रवाराचं फार जुनं नाव. बायकोचा उल्लेख आला तशी मुझनाने मान वळवली. शेखने चाचपडत तिचा हात धरला.

वाचन संपलं. शेख फरजकडे वळला.

"तुला यातलं काही वाचता येत नाही. मग उचलून डोळ्यांना का लावलंस?"

फरज गोंधळला. "ते काय म्हणतात ते मला कसं कळणार, शेख? एवढंच ठाऊक, ते पायाखाली येऊ द्यायचं नाही."

शेखने त्या भिंतीवर तळवा टेकवला.

"हादून, एक कोरा कागद घे," तो म्हणाला. "तेविसावा. हाही 'अरबी'चाच अर्थ. फरज जे बोलला ते जसंच्या तसं लिही, त्याच्या नावासकट. आणि शेवटी माझ्या नावाशेजारी तुझं."