कच्च्या जागा

जेवणं आटोपली की मोजणीदार खिडकीपाशी बसून आपली कादंबरी मोठ्यानं वाचत आणि त्यांची बायको समोरच्या खुर्चीत विणत बसे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी डोंगर-जंगलं मोजण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यातूनच ही साहसकथा निघाली. एक नवराबायको बर्फात वाट चुकतात आणि जीव मुठीत धरून घराकडे निघतात, एवढीच गोष्ट. बायको फारसं बोलत नसे, पण तिच्या सुया बोलायच्या. प्रसंग रंगला की त्या आपोआप थांबत. जागा कच्ची निघाली की पुन्हा टकटक सुरू.

"जंगल छान जमलंय हो," ती म्हणायची. "ती गोठलेली नदी तडकते ना, तिथं माझे पाय गार पडले. पण माणसं पुठ्ठ्याची आहेत. उपाशी माणूस एवढं नटूनथटून बोलतो होय?"

"मग काय शिव्या घालतो?"

"गप्प बसतो."

ते हसत, आणि दुसऱ्या दिवशी ते पान फाडून नव्यानं लिहीत.

हिवाळा संपता संपता ती आजारी पडली. दवाखान्यात गेली ती परत आली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मोजणीदारांनी लिखाणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी लेकीनंच पिच्छा पुरवला. ती दर रविवारी यायची, कपाट आवरायची, भांडी घासायची आणि जाताना म्हणायची, "बाबा, तेवढं पुस्तक तरी पुरं करा. आईला आवडलं असतं."

एका दुपारी त्यांनी पानं बाहेर काढली आणि जुन्या सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. नदीचा भाग झाला. मग नवराबायको अगदी मरणाच्या दारात असताना कुठूनसा एक शिकारी घसरगाडी घेऊन उगवतो, ते आलं.

टकटक. टकटक.

ते थांबले. आवाजही थांबला.

मोजल्याशिवाय काही मानायचं नाही, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. त्यांनी भिंतीतल्या पाण्याच्या नळीला कान लावला. घड्याळ उतरवून बाहेर नेऊन ठेवलं. वरच्या मजल्यावर जाऊन आले, तिथं कुलूप होतं. सुया कपाटात, लोकरीच्या गुंड्यात खुपसलेल्या, जिथल्या तिथं होत्या. परत येऊन त्यांनी नदी वाचली. शांतता. शिकारी वाचला. टकटक.

त्या दिवशी मोजणीदार पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग ते मुद्दाम वाईट लिहायला लागले. त्यांच्या कथेत होड्या ऐनवेळी किनाऱ्याला लागू लागल्या, लांडगे वाट सोडून जाऊ लागले, पडक्या झोपड्यांतून धान्य सापडू लागलं. थंडीनं काकडणारी बायको पानपानभर भाषणं देऊ लागली. ते वाचत आणि समोरून सुया चालत. दुपार कशी सरायची, कळायचं नाही.

प्रकाशक फोनवर जपून बोलले. "तुमचं जंगल वाचताना अंगावर काटा येतो बघा. पण तुमच्या माणसांना काही होतच नाही. दरवेळी कोणीतरी वाचवायला हजर. तुमचा हात का आखडतोय?"

"बघतो," मोजणीदार म्हणाले.

त्यांनी काही बघितलं नसतं. पण हळूहळू सुयांचा आवाज बदलला. एक टाका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. शेवटच्या आजारात बोटं आखडल्यावर ती अशीच विणायची. एका दुपारी ती रेंगाळणारी टकटक ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की ती थकली आहे. आणि आपण तिला रटाळ पानं ऐकवत बसवून ठेवलं आहे.

त्यांनी होड्या खोडल्या, शिकारी खोडला. बायको झाडाखाली बसते आणि नवरा जळणासाठी लाकडं आणायला जातो, इथपर्यंत एका बैठकीत लिहिलं. तिथं गाडं अडलं. दवाखान्यात ते असेच औषध आणायला खाली गेले होते आणि तेवढ्यात सगळं आटोपलं होतं. नर्सलाही काही सांगता आलं नव्हतं. तिला त्रास झाला का, तिनं हाक मारली का, हे ठाऊक नसताना पुढं काय लिहायचं?

रविवारी लेक आली. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "झालंय तेवढं वाचा. मला इथं ऐकू येतं."

त्यांनी वाचलं. सुया वाजल्या नाहीत.

नवरा पाठमोरा होऊन चालू लागला. बर्फात त्याची पावलं उमटली. पान संपलं.

मोजणीदारांनी पान मांडीवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले.

"थांबलात का?" स्वयंपाकघरातून लेक म्हणाली. "वाचा ना."

"वाचते."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

आवाज समोरून येत होता. हळू, एका सुरात. झाडाखालच्या बाईला आता बोटं जाणवत नाहीत. ती हाक मारत नाही, कारण तो लगेच येणार आहे. थंडी सुरुवातीलाच काय ती वाजते. मग नाही वाजत.

मोजणीदारांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आवाज बारीक होत गेला. स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकला. शेवटचे शब्द त्यांना ऐकू आले नाहीत.

मग खोलीत काहीच उरलं नाही.

लेक कप घेऊन आली. तिचे डोळे लाल झाले होते. "फार छान जमलंय, बाबा. आईचा आवाज तर किती हुबेहूब काढलात."

त्यांनी डोळे उघडले.

"फक्त एक चूक राहिलीय," कप त्यांच्या हातात देत ती म्हणाली. "शेवटी ती विचारते, 'औषध मिळालं का हो?' तिथं 'लाकडं' हवं होतं ना?"