मिनिटकाट्याचा तोल

जुनं घड्याळ बंद पडल्याने आमच्या गावाचं काही अडलं नव्हतं. उशिरा येणाऱ्यांना आयतं कारण मिळालं होतं, एवढंच. मनोऱ्यावर कबुतरं बसायची आणि खाली नगरपालिकेत माणसं. काम दोघांचं सारखंच. शेवटी नवं घड्याळ करायचं ठरलं. त्यासाठी जी समिती नेमली, तिच्यातल्या एकालाही घड्याळाच्या काट्याला शेपूट का असतं ते सांगता आलं नसतं.

काम आमच्या कारखान्यात आलं. दुसरीकडे जाणार तरी कुठे? मनोऱ्यांची घड्याळं माझ्या सासऱ्यांनी केली, मग नवऱ्याने केली. नवरा गेल्यानंतर माझ्या मुलाचं हे पहिलंच. ते फसलं असतं तर कसब बापाबरोबर गेलं, आता कारखान्याला कुलूप लावा, असं म्हणायला सगळे टपलेले होते. टपून बसण्याखेरीज त्यांना येतं काय?

मुलाने कारखान्याच्या फरशीवर खडूने तबकडी काढली, पूर्ण मापात. समितीने आकडे सोनेरी मागितले. मग भोवती वेलबुट्टी मागितली. मग मधोमध अध्यक्षांचा चेहरा बसेल का, अशी चौकशी केली.

"बसेल की," मी म्हटलं, "पण दर तासाला त्यांच्या नाकावरून काटा जाईल."

चौकशी तिथेच संपली.

मिनिटकाटा माणसापेक्षा उंच होता. लोखंडी सांगाडा, वर तांब्याचा पत्रा. असा काटा चढवण्याआधी कारखान्यात भिंतीवरच्या आसावर अडकवून त्याचा तोल करतात. टोकाकडचा भाग लांब, म्हणून जड. त्याला तोलून धरेल एवढं वितळलेलं शिसं मागच्या आखूड शेपटात ओततात. तोल जमला की काटा उभा, आडवा, तिरका, कसाही सोडा, सोडाल तिथे राहतो. आणि तोल पाहताना कोणीही काट्याला हात टेकवायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. मी एकदा कारण विचारलं होतं. त्यांनी अशी नजर टाकली की पुन्हा विचारलं नाही.

हा काटा काही राहीना. शिसं घातलं की दिवसभर राहायचा, सकाळी पाहावं तर टोक खाली. आणखी शिसं घातलं, पुन्हा टोक खाली. मुलाने आस बदलला, पत्रा उकलला, आतून हात फिरवून पाहिला.

"आत काही नाहीये आई. आणि रोज जड होतोय."

"काटे जड होत नाहीत. माणसं आळशी होतात."

त्याने शिशाचं भांडं पुन्हा भट्टीवर ठेवलं. बापासारखाच आहे, अपमान गिळून कामाला लागतो.

पाहणीला नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब आले. बुटांना पॉलिश असं की त्यात त्यांनी स्वतःला पाहत बसावं. "यात नेमकं काय बघायचं असतं?" त्यांनी विचारलं. मुलाने काटा आडवा केला आणि बोलता बोलता दुकानदार गल्ल्यावर रेलतो तसा पंजा शेपटावर टेकवून दाबून धरला. काटा जागचा हलला नाही. साहेबांनी मान डोलावली. पंजा त्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण त्यांचं लक्ष सोनेरी आकड्यांकडे. मी पदर तोंडाला लावून हसले.

साहेब गेले. मुलाने हात काढला.

काटा तसाच राहिला. उभा केला, राहिला. तिरका केला, राहिला. दुसऱ्या सकाळीही राहिला.

मुलगा तळवा पँटला पुसत होता. "सोडताना चिकटल्यासारखं झालं," म्हणाला.

"तेल असेल," मी म्हटलं.

घड्याळ चढलं. भाषणं झाली, ज्यांनी पान्हासुद्धा उचलला नव्हता त्यांना हार घातले गेले. घड्याळ मात्र मनगटावरच्याला लाजवील असं चाललं. लोकांची तोंडं बंद झाली, आणि ते दृश्य मी रोज बाजारातून सावकाश चालत पाहिलं.

मग एकदा सून भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, हे खाटेवर येऊन पडतात ना, ते मला कळतच नाही हल्ली."

"गाढ झोपतेस तू. सगळ्या घराला माहीत आहे."

"जागी असते आई. खाट वाजतच नाही."

मी तिच्या हातच्या जेवणावर चार शब्द ऐकवले. पण मुलगा वाळला नव्हता. गाल तेवढेच, सदरे तेवढेच घट्ट. डॉक्टरने रक्त तपासलं, ठणठणीत आहे म्हणाला आणि तरी टॉनिक दिलं. डॉक्टर कसले, औषधाचे दुकानदार.

कारखान्यात ओतकामाची ओली वाळू पसरलेली होती. मुलगा तिच्यावरून चालत पलीकडे गेला. मागून मी गेले. माझी पावलं वाळूत घोट्यापर्यंत रुतली. त्याची शोधावी लागली. चिमणी नाचून गेल्यासारखी वरवर.

मी त्याला म्हटलं, "चल, मला घड्याळ दाखव."

"जिना चढवेल तुला?"

"तुझं बघ."

जिन्यात माझ्याच पावलांचा आवाज येत होता. तो पुढे होता.

वर तबकडीतच ठेवलेली छोटी खिडकी त्याने आतून उघडली. वारा आत आला तसा त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला. काट्याचं शेपूट खिडकीसमोर येईपर्यंत आम्ही थांबलो. ती बाजू सावलीची, वारा गार, तांबं गार असायला हवं होतं.

ते कोमट होतं.

मी पंजा टेकवला आणि दाबला. झोपलेल्या मुलाचा खांदा दाबला की जसा किंचित दबतो आणि परत वर येतो, तसं ते दबलं आणि वर आलं.

मागे काहीतरी झालं. मी वळले. मुलगा गुडघ्यांवर बसला होता, खांदा धरून.

"काय झालं?"

"काही नाही. कोणी दाबल्यासारखं वाटलं."

मी हात काढून घेतला. खिडकी लावली. दोघं खाली आलो. जिन्यात मी त्याचा दंड सोडला नाही.

महिन्याभरात साहेब पुन्हा आले. काटे जड आहेत, मोटर तापते, ॲल्युमिनियमचे बसवू, हे तांबं भट्टीत घालू, म्हणाले. मी त्यांना कारखान्याच्या दारातच उभं ठेवलं. साहेब, म्हटलं, तुमच्या डोक्यात जे भरलंय ते आधी वितळवा, मग माझ्या काट्याकडे या. मी जिवंत आहे तोवर त्या शेपटाला कोणी बोट लावायचं नाही. त्यांना वाटलं म्हातारीला घराण्याचा गर्व आहे. तो आहेच.

घड्याळ अजून चालतं, मिनिटाचीही चूक नाही. मुलगा वेळेवर कामाला जातो, वेळेवर येतो. सुनेला मी आता जेवणावरून बोलत नाही. ती शिकली आहे. तो दारातून आत आला की हातातलं काम टाकून उठते, आणि न सांगता पंखा बंद करते.